कोसबाडची टेकडी आणि ‘मानधन’ नावाची पळवाट

१/
दरवर्षी १७ मार्चला आणि १९ एप्रिलला समाजमाध्यमांवर तीच दोन कृष्णधवल छायाचित्रे फिरू लागतात. १७ मार्च हा अनुताई वाघ यांचा जन्मदिवस, १९ एप्रिल ताराबाई मोडक यांचा. छायाचित्रांखालचा मजकूरही ठरलेला असतो. खडे, पाने आणि शिंपले एवढ्या भांडवलावर या दोघींनी आदिवासी मुलांची शाळा उभी केली. इमारत नव्हती, निधी नव्हता, साधने नव्हती, होती ती केवळ तळमळ. शेवटी एक सुस्कारा सोडलेला असतो, की आजच्या अंगणवाडी सेविकांमध्ये ती सेवावृत्ती उरली नाही.

२/
हा धागा त्या सुस्काऱ्याविषयी आहे. तो इतिहासाला धरून नाही. शिवाय गेली पन्नास वर्षे तो राज्यकर्त्यांच्या फार कामी आला आहे, आणि म्हणूनच त्याची झाडाझडती घेणे आवश्यक आहे.

३/
कथेचा आरंभ कोसबाडला होत नाही, भावनगरला होतो. १९२० मध्ये गिजुभाई बधेका या वकिली सोडून आलेल्या गृहस्थांनी तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. रोममध्ये मारिया माँटेसरींनी १९०७ साली कामगारवस्तीत काढलेल्या ‘बालगृहा’चा विचार त्यामागे होता. काही वर्षांतच ताराबाई तेथे येऊन मिळाल्या. त्या १९१४ च्या पदवीधर. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या म्हणून त्यांनी काम केलेले होते. म्हणजे बालशिक्षणात आलेली ही स्त्री शिक्षिकांना शिकवणारी, पगारी, अनुभवी व्यावसायिक होती. जयंतीच्या मजकुरातून हा तपशील नेमका गळतो. त्यांना ‘माऊली’ म्हणणे सोपे असते. प्राचार्या म्हटले की मग पगाराचा विषय निघतो.

४/
भावनगरला जी आचारसंहिता घडली ती आजही बहुतेक बालवाड्यांना पेलत नाही. मुलाला मारायचे नाही. भीती घालायची नाही. बक्षिसाची लालूचही दाखवायची नाही, कारण ती भीतीचीच धाकटी बहीण. एका मुलाला दुसऱ्याच्या मापाने मोजायचे नाही. शिक्षिकेने बोलायचे कमी आणि पाहायचे अधिक: कोणते मूल कोणत्या वस्तूशी किती वेळ रमले, कोठे अडखळले, कधी उठून गेले, हे टिपून ठेवायचे आणि त्यावरून उद्याची तयारी करायची. छडी हेच अध्यापनाचे मुख्य साधन असलेल्या काळात हे सांगितले जात होते, याची आठवण ठेवावी.

५/
या नियमांचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात येत नाही. त्यांतला प्रत्येक नियम मोठ्या माणसाला बांधतो, आणि प्रत्येक नियम पाळण्यासाठी त्या माणसाजवळ काही असावे लागते. न रागावता थांबायचे तर वेळ हवा. निरीक्षण करायचे तर मुले मोजकी हवीत. टिपणातून अर्थ काढायचा तर शिक्षण हवे. न थकलेले, घरच्या चुलीची काळजी न करणारे मन हवे. बालशिक्षणातली नीती आणि साधने यांची अशी गाठ आरंभापासूनच मारलेली आहे. एक ठेवून दुसरे काढून घेता येत नाही.

६/
१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर उभे राहिले. खेड्याकडे जाण्याआधी जवळजवळ वीस वर्षे हा संसार मांडला जात होता: संघटना, नियतकालिक, प्रयोगशाळेसारखी एक शहरी बालवाडी आणि प्रशिक्षण. खडे-शिंपल्यांची गोष्ट सांगताना ही वीस वर्षे गाळली, की तळमळीचा चमत्कार तयार होतो.

७/
आता त्या खडे-शिंपल्यांविषयी. माँटेसरींची साधने सुंदर होती, मोजून-मापून बनवलेली होती आणि महाग होती. भारतीय खेड्यात ती परवडणार नव्हती. म्हणून साधनांमागचे तत्त्व घेऊन परिसरातल्या वस्तूंत ते शोधण्याचे काम या मंडळींनी केले. लहानमोठ्या पानांची क्रमवार मांडणी, चिंचोक्यांची मोजणी, गुळगुळीत आणि खरखरीत दगडांचा स्पर्श, बियांची रंगाप्रमाणे वाटणी, शिंपल्यांच्या आकृती. दृष्टी, स्पर्श, क्रम, संख्या, सारे यात येते.

परंतु चिंचोका फुकट मिळतो म्हणून चिंचोक्याचा पाठ फुकट होत नाही. कोणत्या मुलाच्या हाती तो आज द्यायचा, कोणाला अजून आठ दिवस द्यायचा नाही, मूल तो नाकात घालू पाहील तेव्हा न ओरडता काय करायचे आणि मोजताना ते सातनंतर पाचवर आले तर चूक दुरुस्त करायची की वाट पाहायची, हे ठाऊक असलेले माणूस लागते. तयार साधनात पुष्कळसे ज्ञान कारागिराने आधीच ओतून ठेवलेले असते. खडे वापरायचे तर ते सगळे शिक्षिकेच्या डोक्यात असावे लागते. साधन जितके स्वस्त, तितकी शिक्षिका अधिक तयार, म्हणजेच अधिक खर्चाची. कोसबाडच्या प्रयोगाचा हा हिशेब होता. पुढे सरकारने त्याचा अर्धा भाग उचलला: साधनही स्वस्त आणि शिक्षिकाही.

८/
१९४५ मध्ये संघाचे ग्रामबालशिक्षा केंद्र बोर्डीला सुरू झाले. बोर्डी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात. आता पालघर जिल्ह्यात. अनुताई वाघ येथेच ताराबाईंच्या सहकारी झाल्या. मोरगावचा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग जिद्दीने शिक्षण आणि पुण्याला शिक्षिकेची नोकरी, असा त्यांचा तोवरचा प्रवास. त्यानंतरची सत्तेचाळीस वर्षे, १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी याच भागात काढली.

९/
बोर्डीत लवकरच एक गोष्ट कळून चुकली. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नव्हती. कोणी धाकटे भावंड सांभाळत होते, कोणी गुरे राखत होते, कोणाच्या आईबापांना गावातल्या शाळेची पायरी परकी वाटत होती. तेव्हा शिक्षिकाच पाड्यांवर गेल्या. झोपडीपुढचे अंगण हीच शाळा झाली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, अंगणातल्याच वस्तूंचे खेळ. गावातली ती मध्यवर्ती बालवाडी आणि पाड्यावरची ती अंगण-बालवाडी. देशाच्या कानाकोपऱ्यात आज ज्या शब्दाची पाटी दिसते तो ‘अंगणवाडी’ हा शब्द या अंगणातून निघाला.

पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर आले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी नांदणारी विकासवाडी झाली, कारण धाकट्याला कोणी सांभाळल्याशिवाय थोरली बहीण शाळेत येऊच शकत नव्हती. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मूल का येत नाही, याचे उत्तर मुलाच्या किंवा आईच्या आळसात न शोधता व्यवस्थेत शोधायचे आणि मग व्यवस्था बदलायची, अशी ही रीत होती.

१०/
आता एक योगायोग, ज्याचा उल्लेख जयंतीच्या मजकुरात कधी सापडत नाही. बोर्डीचे केंद्र सुरू झाले त्याच १९४५ साली, त्याच डहाणू-उंबरगाव पट्ट्यात, वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. मे महिन्यात झरी गावच्या परिषदेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच आदिवासी मारले गेले, त्यांत जेठ्या गांगड होता.

वेठ म्हणजे काय? काम करणे भाग असते, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर असतो आणि नकार देणे गुन्हा ठरतो. ही व्याख्या लक्षात ठेवावी. धाग्यात पुढे तिची गरज पडेल.

११/
त्याग ही मोठी गोष्ट आहे यात शंका नाही. ताराबाई आणि अनुताई यांनी शहरातली स्थिर आयुष्ये सोडली. पण सोडायला त्यांच्याजवळ काही होते: पदवी, पेशा, नाव, सहकाऱ्यांची संस्था. आणि निर्णय त्यांचा होता. त्याग स्वेच्छेचा असतो तेव्हाच त्याला त्याग म्हणतात. तोच शासकीय निर्णयाने, क्रमांक आणि दिनांक घालून, लाखो गरीब बायकांकडून मागितला जाऊ लागला तर त्याला निराळा शब्द मराठीत आहे, आणि तो डहाणूच्या लोकांना चांगला परिचित होता.

१२/
येथे घटनेकडे वळले पाहिजे. घटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे होते. त्याला खालची वयोमर्यादा नव्हती. घटनासमितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये या कलमातील शिक्षण ‘प्राथमिक’पुरते मर्यादित करण्याची सूचना आली होती; डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत राबवायचे नसेल तर त्याला शिक्षणसंस्थेत ठेवावेच लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हक्क मिळाला खरा, पण तो सहा ते चौदा वयाचा. सहा वर्षांखालची मुले अनुच्छेद ४५ मध्येच राहिली. त्यांच्यासाठी राज्याने ‘प्रयत्न’ करावा एवढेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहा वयाच्या बालकांसाठी शासनाने व्यवस्था ‘करावी’ असे नाही, ‘करता येईल’ असे आहे. ज्या वयात शिक्षणाचा पाया घातला जातो असे सगळे मान्य करतात, नेमके तेच वय हक्काच्या उंबरठ्याबाहेर, अंगणात उभे आहे.

१३/
ताराबाई १९७३ मध्ये वारल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आहार-आरोग्यशिक्षण आणि शालापूर्व शिक्षण. केंद्राचे नाव अंगणवाडी. शब्द कोसबाडचा घेतला. ज्या अध्यापन मंदिरातून त्या शब्दामागची शिक्षिका घडत होती, ते मात्र घेतले नाही.

अंगणवाडी चालवणारीला ‘शिक्षिका’ म्हटले नाही, ‘कार्यकर्ती’ म्हटले, मराठीत पुढे ‘सेविका’. तिला पगार ठेवला नाही, ‘मानधन’ ठेवले: मॅट्रिक झालेलीला दरमहा १५० रुपये, न झालेलीला १००, मदतनीस बाईला ३५.

१४/
‘मानधन’ हा शब्द किती चतुराईने निवडलेला आहे पाहा. व्याख्यात्याला, परीक्षकाला, कविसंमेलनातल्या कवीला मानधन देतात. ज्याचा चरितार्थ अन्यत्र चालतो अशा माणसाने दिलेल्या थोड्या वेळाबद्दलची ती कृतज्ञता असते. सेविका ही गावातलीच गृहिणी, तिचा संसार नवऱ्याच्या कमाईवर चालतो, ती फावल्या वेळात समाजसेवा करते, असे हा एक शब्द गृहीत धरतो. या सेविकांत विधवा, परित्यक्ता, एकट्या कमावत्या बायका किती आहेत हे कोणत्याही गावात विचारावे.

१५/
या गृहीतकावर २००६ मध्ये न्यायालयीन शिक्का बसला. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अंगणवाडी कार्यकर्त्या नागरी पद धारण करीत नाहीत. ही पदे योजनेतली, त्यांना सेवाभरतीचे नियम लागू नाहीत. गंमत अशी की त्याच महिन्यात, १३ डिसेंबर २००६ रोजी, अन्नहक्काच्या खटल्यात याच न्यायालयाने देशात चौदा लाख अंगणवाड्या उघडण्याचा आदेश दिला. म्हणजे अंगणवाडी मुलासाठी इतकी आवश्यक, की ती प्रत्येक वस्तीत हवी. आणि ती चालवणारी इतकी ऐच्छिक, की तिचे पदच नाही.

१६/
महाराष्ट्राने ही विसंगती टोकाला नेली. २०१७ च्या सप्टेंबरात सेविकांचा मोठा संप झाला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये शासनाने अंगणवाडी सेविकांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे ‘मेस्मा’, लागू केला. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर निर्णयाला स्थगिती द्यावी लागली, हे खरे. पण ज्या कागदाने ती शासकीय कर्मचारी नाही असे म्हटले, त्याच हाताने तिने काम थांबवणे गुन्हा ठरवणारा कागद लिहिला. वर दिलेली वेठीची व्याख्या आता पुन्हा वाचावी.

१७/
आता नीतीकडे. ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ या नावाखाली सेविकेला प्रशिक्षणात काय सांगितले जाते? मुलांवर प्रेम करा, समभाव ठेवा, प्रत्येक मुलाकडे लक्ष द्या, पालकांशी संवाद ठेवा. शब्दांत खोट काहीच नाही. गिजुभाईंनी हेच सांगितले असते. पण तिच्या दिवसाकडे पाहिले पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाबरोबर आलेल्या मानकांत तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक प्रौढ अपेक्षिला आहे. ही मुले समोर बसवून सेविकेला त्याच वेळी गरोदर मातांच्या नोंदी, वजने, लसीकरणाचा दिवस, आहाराचा साठा आणि गृहभेटी सांभाळायच्या असतात. मदतनीस स्वयंपाकात किंवा मुले आणण्यात गुंतलेली. वर निवडणुकीच्या याद्या आणि नाना सर्वेक्षणे.

योजनेची फेररचना झाली तेव्हा सेविकेच्या हाती अकरा नोंदवह्या आल्या. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले. सरकारी मोबाईल चालत नाहीत आणि ॲप इंग्रजीतून आहे म्हणून महाराष्ट्रातल्या सेविकांनी त्याच वर्षी ते मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले.

गिजुभाईंच्या बालमंदिरातही नोंद होती. ती मुलाची होती. आजची नोंद साठ्याची, वजनाची, हजेरीची, उद्दिष्टाची. पहिली नोंद शिक्षिका स्वतःसाठी ठेवत असे आणि तिच्यामुळे उद्याचा वर्ग बदलत असे. दुसरी वर जाते. वर्गात परत येत नाही.

१८/
या परिस्थितीत नीतीचा खरा पेच कसा असतो याचे एक उदाहरण. वजनकाट्यावर मूल तीव्र कुपोषित निघाले. नोंद करणे हे कर्तव्य. पण नोंद केली की ‘तुमच्या केंद्रात कुपोषण कसे?’ असा खुलासा आपल्याकडेच मागितला जातो, ही सेविकांची जुनी तक्रार आहे. सामान्य मुलाच्या पूरक आहारासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर दिवसाला आठ रुपये, तीव्र कुपोषितासाठी बारा. त्या चार रुपयांच्या फरकावर जबाबदारीचा सारा भार तोलायचा. खरे लिहिले तर ती दोषी, खोटे लिहिले तर मूल उपाशी. अशा ठिकाणी खोटे लिहिणाऱ्या बाईला नीतिमत्तेचे धडे देणारा अधिकारी त्या पेचाचा कर्ता असतो, साक्षीदार नव्हे.

१९/
खाजगी बाजूला चित्र निराळे दिसते, मूळ तेच. शहरांतल्या नर्सऱ्यांत अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देतात, इंग्रजी मुळाक्षरे गिरवून घेतात, गृहपाठ देतात. प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्येच नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्रात साधे दुकान थाटायचे तर गुमास्ता परवाना लागत असे. तीन वर्षांच्या चाळीस मुलांचा वर्ग एखाद्या सदनिकेत भरवण्यास शिक्षण खात्याची मान्यता दीर्घकाळ लागतच नव्हती. तेथील शिक्षिकेलाही बहुधा सेवेची शाश्वती नसते. मुलाच्या बोटांना पेन्सिल अजून पेलत नाही हे तिला पुष्कळदा कळते. पण पालकांना वहीत लिहिलेले पान हवे असते आणि संस्थाचालकाला पालक. ‘नाही’ म्हणण्याची ताकद नोकरीच्या सुरक्षिततेतून येते. डॉक्टरला, वकिलाला आपल्या पेशाच्या नियमांकडे बोट दाखवून नकार देता येतो, कारण त्या नियमांमागे परिषद आहे, नोंदणी आहे, कायदा आहे. बालशिक्षिकेने कोणाकडे बोट दाखवावे?

२०/
येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पगार वाढला म्हणजे शिकवणे सुधारते काय? पूर्ण वेतनश्रेणी असलेल्या प्राथमिक शाळांतही मुले वाचायला शिकत नाहीत, याचा बोभाटा नेहमीच होतो. शिवाय अशाही अंगणवाड्या आहेत ज्या आहारवाटपापुरत्या उघडतात; खिचडी संपली की कुलूप. तेथे मुलांचे नुकसान खरे आहे आणि त्याला सेविकेचीही जबाबदारी आहे. गरिबी हा बेपर्वाईचा परवाना नाही.

हे मान्य केलेच पाहिजे. पण जाब विचारण्याचीही एक पूर्वअट असते. ज्याचे पद मानले, प्रशिक्षण दिले, वेळ दिला, त्यालाच ‘तू कर्तव्यात चुकलास’ असे म्हणता येते. पगार पुरेसा नसेल, पण आवश्यक आहे. केवळ पाण्याने पीक येत नाही म्हणून कोणी विहीर बुजवत नाही.

२१/
दुसरे एक अर्धसत्य जगभर फिरते. बालशिक्षणावरील खर्च कसा अनेक पटींनी फेडतो हे सांगताना अमेरिकेतील पेरी शालापूर्व प्रकल्पाचा दाखला हमखास देतात. १९६२ मध्ये मिशिगन राज्यातील इप्सिलांटी येथे १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर तो प्रयोग झाला. त्यांतल्या ५८ मुलांना शालापूर्व वर्ग मिळाला. ती मोठी झाल्यावर शिक्षण, मिळकत, गुन्हेगारी या बाबतींत फरक दिसला. नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी त्या खर्चावरील वार्षिक परतावा ७ ते १० टक्क्यांच्या घरात काढला. आपल्या परिसंवादांत हा आकडा मोठ्या उत्साहाने पडद्यावर झळकतो. त्या वर्गात पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका होती, त्या शिक्षिका पदवीधर आणि प्रमाणित होत्या आणि दर आठवड्याला प्रत्येक घरी दीड तासाची भेट होती, हे पुढच्या पडद्यावर येत नाही. खडे-शिंपल्यांच्या गोष्टीत जी हातचलाखी आहे तीच येथे. फळ दाखवायचे, खत-पाण्याचा हिशेब झाकायचा.

२२/
२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की मेंदूच्या वाढीचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग सहाव्या वर्षाआधी होतो. तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून त्याने बालशिक्षणाला प्रथमच शालेय रचनेत आणले. ही मोठी गोष्ट आहे. मग या ८५ टक्क्यांची जबाबदारी घेणारीची तयारी किती? बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका. तीही दूरचित्रवाहिन्या आणि स्मार्टफोन यांच्या आधारे, काम सांभाळून. शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने शालापूर्व शिक्षणाच्या पदविकेसाठी दोन वर्षांचा पूर्ण वेळ अभ्यासक्रम ठरवलेला आहे. म्हणजे किती शिक्षण लागते हे शासनाला ठाऊक आहे. गरिबांच्या मुलांच्या शिक्षिकेला त्यातले किती द्यायचे एवढाच प्रश्न होता.

२३/
आणि पैसा. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेच्या मानधनाचा दर ३,००० वरून ४,५०० रुपये केला, मदतनिसांचा १,५०० वरून २,२५०. त्यातलाही ४० टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांनी उचलायचा. २०२४ संपेपर्यंत हा दर हलला नव्हता. दिवसाला तो १५० रुपये पडतो. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. राज्ये आपली भर घालतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सेविकांचे एकूण मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये केले, मदतनिसांचे ४,४२५ वरून ५,५००. तरीही केंद्राच्या लेखी पाया घालणारीचा दर खड्डा खणणाऱ्याच्या दराच्या निम्मा. खड्डा खणणे हे कष्टाचे आणि सन्मानाचे काम आहे. त्याच्या मजुरीला निदान मजुरी तरी म्हणतात.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. योग्यच झाले. सन्मान देताना तिजोरीला विशेष झीज लागत नाही.

२४/
मे २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे आणि किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली. सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघेही तेथे बसलेले होते. शिफारस कागदावर राहिली.

२५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील मणिबेन मगनभाई भारिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निर्णय दिला. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने म्हटले की त्यांचे काम अर्धवेळ किंवा मानसेवी समजता येणार नाही, आणि ‘मानधन’ म्हणून दिली जाणारी रक्कम त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या त्या ऐच्छिक वाटणाऱ्या कलम ११ चाही आधार तेथे घेतला गेला: तीन ते सहा वयाच्या मुलांचे शालापूर्व शिक्षण अंगणवाडीतच होते, म्हणून अंगणवाडी ही त्या कायद्याखालची आस्थापना ठरते.

२५/
४ डिसेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस पुन्हा संपावर गेल्या. राज्यातल्या सुमारे १ लाख १० हजार केंद्रांपैकी बहुसंख्य केंद्रे बंद पडली. संप बावन्न दिवस चालला. त्या काळात ‘मुलांचे काय?’ हा प्रश्न पुष्कळांनी विचारला आणि तो सेविकांनाच विचारला. त्यांच्या मागणीपत्रात वेतन होते, निवृत्तिवेतन होते. आणि दीड वर्षापूर्वी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचीच आहे असे सांगितलेली ग्रॅच्युइटी, तीही त्यात मागणी म्हणून लिहिलेली होती.